चालत जाण्याच्या अंतरावर

एखाद्या प्राथमिक शाळेची शताब्दी किंवा अमृतमहोत्सव आला की स्मरणिका निघते, आणि जुन्या विद्यार्थ्यांचे लेख जमवून ते तपासण्याचे काम हमखास शिक्षकाच्या गळ्यात पडते. पेण-रोह्याकडचे असे लेख ओळीने वाचले की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. लिहिणारा साठीचा असो वा ऐंशीचा, डॉक्टर असो वा एस.टी.तून निवृत्त झालेला वाहक, शाळेची आठवण तो शाळेच्या फाटकापासून सुरू करत नाही, घराच्या ओटीवरून सुरू करतो. मग वाटेतला गणपतीचा कारखाना येतो, तळे येते, देऊळ येते, कुणाच्या परसातले रायआवळ्याचे झाड येते, पहिल्या पावसात भरून वाहणारा व्हाळ येतो, आणि हे सगळे झाल्यावर कुठे पटांगण, घंटा, गुरुजी. वर्गात शिकवलेला धडा तर फार थोड्यांना सांगता येतो. पाने कमी पडू लागली की संपादक मंडळी नेमका हा वाटेचा भाग कापतात, कारण तो त्यांना स्मरणरंजन वाटतो. माझे म्हणणे असे, की कात्री लावायचीच तर दुसऱ्या कुठल्या भागाला लावावी. साठ-सत्तर वर्षांनंतर जे टिकून राहिले तेच त्या वयात मुलाच्या आत शिरले होते. मूल कुठे आणि कशातून शिकते, याचा इतका प्रामाणिक पुरावा कुठल्याही चाचणीत मिळत नाही.

या पुराव्यावरून मला जो निष्कर्ष काढावासा वाटतो तो साधा आहे. पहिली ते चौथीच्या वयात मुलाला शिकवणारी संस्था म्हणजे शाळा आणि आळी मिळून एक असते. वर्गात अक्षर आणि अंक मिळतात. ते कशाला लावायचे, हे आळीत कळते. हे दोन्ही जोडले जाण्याची अट एकच, मुलाने घर ते शाळा हे अंतर स्वतःच्या पायांनी, रोज आणि रमतगमत कापायला हवे. म्हणून शाळा चालत जाण्याच्या अंतरावर असणे ही सोय एवढ्यावर भागत नाही, ते प्राथमिक शिक्षणाचे अंगच आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपण हे अंग दोन बाजूंनी तोडत आलो आहोत. ज्यांना परवडते ते मुलांना दारातून व्हॅनमध्ये बसवून लांबच्या शाळेत पाठवतात, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या वाडीतली शाळा पट कमी म्हणून बंद होण्याच्या यादीत जाते.

पेणचे उदाहरण घेऊ, कारण तिथे ही जोडणी डोळ्यांना दिसते. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने घरोघर आहेत म्हटले तरी चालेल. इथे कारखाना म्हणजे पडवी, मागचा मांडव, कधी अर्धे घरच. शाळेतून परतणारे मूल त्या मांडवाशी थबकते, तेव्हा त्याला काय दिसते ते नीट पाहिले पाहिजे. गुजरातेतून आलेली शाडूची माती भिजवून मळलेली असते. साच्यात ती चेपून बसवताना कारागिराचा अंगठा कडेकडेने फिरतो, कारण कोपऱ्यात हवा राहिली तर तिथे मूर्तीला खळगा पडणार. साच्याचे अर्धे एकमेकांवर बसवायचे, मूर्ती काढायची, हात आणि सोंड वेगळी जोडायची, पाण्याचा हात फिरवून सांधा मोडायचा. मग वाळवण. ऊन किती आणि सावली किती याचे गणित चुकले की तडा जातो. त्यानंतर काचपेपर, पांढरा हात, अंगाचा रंग, पितांबर, शेला, सोनेरी, आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. ती प्रत्येकाला दिली जात नाही. कारखान्यातला सर्वांत स्थिर हात ती करतो, आणि ती चालू असताना आजूबाजूला कुणी मोठ्याने बोलत नाही. तिसरीतल्या मुलाला सममिती, माप, क्रम, वाट पाहणे आणि दुसऱ्याच्या कौशल्याचा मान या गोष्टी याहून चांगल्या रीतीने कोण शिकवील? वर्गातल्या गुरुजींनी फूट आणि इंच फळ्यावर शिकवले असतील, पण दीड फुटाचा गणपती नऊ इंचांच्या गणपतीपेक्षा उंचीला दुप्पट असला तरी त्याला माती दुपटीपेक्षा कितीतरी जास्त लागते, हे घमेल्याकडे बघूनच कळते. हायस्कुलात गेल्यावर घनफळाचा नियम म्हणून भेटणारी गोष्ट इथे आठव्या वर्षी डोळ्यांखालून गेलेली असते.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो गंभीर आहे: हे बालमजुरीचे गोडवे गाणे नव्हे काय? कारखान्यात मुले रात्री जागतात, श्रावणात शाळा बुडवतात, प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी छातीत घेतात, हे काय कुणाला ठाऊक नाही? ठाऊक आहे, आणि त्याचे समर्थन करता येत नाही. जिथे मुलाचा हात घराच्या हिशेबात मजुराचा हात म्हणून धरला जातो, तिथे आळीने शाळेला गिळले, असेच म्हणावे लागेल. कायद्यानेही ही रेघ ओढलेली आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला घरच्या व्यवसायात मदत करता येते ती शाळेची वेळ सोडून किंवा सुट्टीत, आणि तीही काम धोक्याचे नसेल तरच. ही सवलत फार सैल आहे, असे मानणारे अभ्यासक आहेत आणि त्यांची भीती निराधार नाही. पण माझा मुद्दा मुलाने काम करण्याचा नाहीच, काम पाहण्याचा आहे. दारात उभे राहून पाहणारे मूल, उरलेल्या मातीचा गोळा मागून घेऊन उंदीर करणारे मूल आणि रोजावर बसवलेले मूल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शाळा जवळ असली की कारखान्यातले मूल तासाला गैरहजर आहे हे गुरुजींना त्याच सकाळी कळते आणि मधल्या सुट्टीत त्यांना स्वतः जाऊन ते आणताही येते. शाळा दहा किलोमीटरवर गेली, तर ही राखण करणारेच कुणी उरत नाही.

रोह्याकडे वळले की कारखान्याची जागा नदी घेते. कुंडलिका भर वैशाखातही वाहती असते, आणि ही गोष्ट कोकणातल्या नद्यांच्या रीतीला सोडून आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या बहुतेक नद्या होळीनंतर डबक्यांची माळ होतात. मग हीच का वाहते? कारण मुळशीचे पाणी घाटावरून खाली भिऱ्याच्या वीजगृहात येते आणि वीज करून कुंडलिकेत सोडले जाते. हे वीजगृह १९२७ साली सुरू झाले. जे पाणी भीमेला मिळून पूर्वेकडे जायचे, ते रोह्यावरून रेवदंड्याच्या समुद्रात जाते. त्या पाण्यामागे मुळशी खोऱ्यातली बुडालेली गावे आहेत आणि सेनापती बापटांनी लढवलेला सत्याग्रहही आहे. त्या पाण्यावर कोलाडला राफ्टिंग चालते आणि खाली धाटावची औद्योगिक वसाहत आहे. म्हणजे भूगोल, इतिहास, विज्ञान आणि पर्यावरण हे चारही विषय रोह्याच्या पुलावर एका जागी उभे राहून शिकवता येतात. पुलापलीकडे अष्टमी, अलीकडे रोहे. रोज पूल ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलाने पाण्याचा रंग आणि उंची किती वेळा पाहिली असेल याचा हिशेब नाही. शिक्षकाने फक्त एक प्रश्न टाकायचा असतो: आपली नदी आटत का नाही? पण तो प्रश्न त्यालाच सुचतो ज्याचे विद्यार्थी त्या पुलावरून चालत येतात. बंद खिडकीच्या बसमधून आलेल्या मुलांसमोर तो टाकला, तर तोही पुस्तकातला आणखी एक प्रश्न होऊन बसतो.

धावीर महाराजांच्या पालखीचेही तसेच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघते, पोलीस तिला मानवंदना देतात, आणि मग ती गावभर दारोदार फिरते. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी ही पालखी रोह्याच्या मुलांसाठी गावाचा नकाशा असते. कुठल्या आळीनंतर कुठली, कुठले वळण अरुंद, कुठे पालखी थांबते, कुणाच्या दारात रांगोळी निघते, हे सगळे पायांना पाठ होते. नकाशावाचन शिकवताना शाळेपासून चावडीपर्यंतची वाट काढायला सांगितली, की जी मुले पालखीमागून चाललेली असतात त्यांची रेघ अडखळत नाही.

पाठ्यक्रम आखणाऱ्यांनाही हे पूर्वीपासून उमगलेले आहे. बालभारती तिसरीसाठी परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे काढत आली आहे. रायगड जिल्ह्याच्या मुलाने आधी रायगड जिल्हा शिकायचा, मग चौथीत शिवछत्रपती आणि महाराष्ट्र, पुढे देश आणि जग. जवळून दूर जाण्याचा हा क्रम फार विचाराने ठरवलेला आहे. मात्र मुलाला पहिलीपासून दुसऱ्या मंडळाच्या शाळेत घातले की हा जिल्ह्याचा टप्पाच गळतो. पेणचे मूल थेट देशाच्या नकाशाशी जाऊन उभे राहते. त्याला ध्रुवीय अस्वल कुठे असते हे येते, पण भोगावती नदी कुठून येते हे येत नाही. हेटवण्याचे धरण आपल्या तालुक्यात असून त्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि वाशी-शिर्कीकडच्या खारपट्ट्यातल्या बाया मात्र टँकरची वाट पाहतात, हे समजून घ्यायला मग फार उशीर होतो. मला ही नागरिकशास्त्राची सर्वांत मोठी गळती वाटते.

अशा लेखात मोठी नावे घेण्याचा मोह होतो, कारण या दोन तालुक्यांकडे ती आहेत. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म १८९५ चा. देशाचे पुढे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे बालपण रोह्यात गेले आणि रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोह्यातच जन्मले. गागोद्याच्या घरी फणस उतरला की आई आधी शेजारीपाजारी गरे वाटायला पाठवायची आणि उरलेले मग घरच्यांना, ही आठवण विनोबांनी सांगितली आहे. पुढे ज्या माणसाने देशभर पायी फिरून जमिनीचे दान मागितले, त्याचा वाटण्याचा पहिला धडा शेजाऱ्यांच्या अंगणात झाला, हे माझ्या बाजूने बोलणारे आहे. तरीही मी त्यावर भिस्त ठेवणार नाही. शाळेची परीक्षा एखाद्या विनोबांवरून करायची नसते. ज्यांच्या नावाचा कुठे फलक लागला नाही, अशा हजारोंना वाचता-लिहिता येऊन स्वतःच्या गावात ताठ मानेने उभे राहता आले की नाही, हा खरा हिशेब.

आणि इथेच सर्वांत अवघड आक्षेप समोर येतो. आळी, आळी म्हणून जिचे कौतुक चालले आहे ती आळी जातीची होती. नावेच पाहा: कुंभार आळी, परीट आळी, कासार आळी. वाडे वेगळे, पाणवठे वेगळे, कातकऱ्यांची आणि ठाकरांची वाडी गावकुसापासून लांब. याच जिल्ह्यात, तो कुलाबा म्हणवत असताना, २० मार्च १९२७ रोजी महाडला तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पूर्वास्पृश्य समाजातल्या ज्येष्ठांच्या शाळेच्या आठवणी वाचल्या तर तिथे रायआवळ्याचे झाड नसते. वर्गाबाहेर बसल्याची, वरून ओतलेल्या पाण्याची, पाटी दुरून दाखवल्याची नोंद असते. स्मरणिकांत असे लेख कमी दिसतात ही आपल्या स्मरणिकांची उणीव आहे. ज्या आठवणी मागितल्याच गेल्या नाहीत, त्या घडल्या नाहीत असे होत नाही. तेव्हा आक्षेप पूर्ण मान्य. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलट दिसतो. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला, त्यात सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळांबरोबर सार्वजनिक शाळाही सर्वांना खुल्या कराव्यात असे होते. ठरावाचा जोर चालला तो सार्वजनिक संस्थेवर. आळीवर कुठलाही ठराव चालत नव्हता. म्हणजे त्या जुन्या भूगोलात वेगवेगळ्या आळ्यांची मुले एका सतरंजीवर बसवण्याची ताकद असलेली जागा एकच होती, ती म्हणजे गावातली मराठी शाळा. तिने ते काम उशिरा केले, अर्धवट केले, पुष्कळ ठिकाणी नाइलाजाने केले, पण केले. आज फीच्या दराप्रमाणे मुलांची वाटणी होते. बागायतदाराचे मूल एका गाडीत, मूर्तिकाराचे दुसऱ्या गाडीत आणि वीटभट्टीवरच्या मजुराचे मूल एकटेच जिल्हा परिषदेच्या वर्गात. जुन्या आळीचे दोष ज्याला खरोखर खुपतात, त्याला ही नवी वाटणीही तितकीच खुपायला हवी.

कोठारी आयोगाने, म्हणजे १९६४ ते १९६६ च्या शिक्षण आयोगाने, परिसरातली सगळी मुले परिसरातल्या एकाच शाळेत जावीत अशी शिफारस केली होती ती याच कारणाने. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, महाराष्ट्राची खेडी जाणणारे. त्यांना गावची शाळा सुंदर वाटत होती म्हणून त्यांनी ही शिफारस लिहिली नाही. श्रीमंताचे मूल ज्या शाळेत आहे ती शाळा सुधारण्यासाठी गाव झगडते, एवढे व्यवहारज्ञान तिच्यामागे होते.

इंग्रजीचा आक्षेप मी थोडक्यात घेतो, कारण त्यावर वाद घालण्यात फार शक्ती जाते. पालकांना इंग्रजी हवे आहे आणि ते हवे असणे योग्यच आहे. पनवेल-मुंबईला गाडीने जाऊन नोकरी करणाऱ्या माणसाला इंग्रजीची किंमत रोज कळते. पण महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. ते चांगले शिकवले जात नसेल तर शिक्षक द्या, प्रशिक्षण द्या, पुस्तके द्या, आणि त्यासाठी पंचायत समितीत जाऊन भांडा. इंग्रजी नीट येण्यासाठी मुलाने आपल्या आळीतून नाहीसे व्हावे लागते, हे मात्र कुणी सिद्ध केलेले नाही.

खरी लढाई कमी पटाच्या शाळांची आहे. २०२३ साली राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची संख्या १४ हजारांवर होती आणि अशा शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवण्यात आले. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे समोर ठेवली गेली. या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. सात मुलांच्या शाळेत कबड्डीचा संघ होत नाही, दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात, त्यातला एक कायम कुठल्या ना कुठल्या सर्वेक्षणाला गेलेला असतो. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा आणि वाचनालय देता येते. पाचवीनंतरच्या मुलांसाठी मी हे मानायला तयार आहे. पण सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी रायगडात हा हिशेब जुळत नाही. इथला जूनचा पाऊस बेताचा नसतो. व्हाळ भरला की वाडीतून रस्त्यापर्यंत यायला वाट नसते आणि ठेकेदाराची गाडी चिखलाच्या अलीकडेच थांबते. हमरस्ता ओलांडायचा असेल तर आई-बाप मुलीला आधी घरी बसवतात. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत प्राथमिक शाळेसाठी १ किलोमीटर हे अंतर लिहिले गेले, ते लिहिणाऱ्यांसमोर असेच रस्ते असणार. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले आहेत. रोजावर जाणारी आई दहा किलोमीटरवरच्या समूह शाळेच्या सभेला कशी जाणार? सभा होईल, सह्या होतील, आळी मात्र तिथे नसेल.

कातकरी मुलांचा प्रश्न याहून कठीण आहे आणि माझ्या युक्तिवादाची तिथे खरी कसोटी लागते. पावसाळा सरला की त्यांचे आई-बाप वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. ज्यांची वस्तीच वर्षातले सहा-सात महिने हलते, त्यांची जवळची शाळा कुठली? तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला याचे उत्तर शोधले होते: मुले गुरांमागे जातात, तर शाळाच कुरणात न्यायची. कुरणशाळा आणि अंगणवाडी या शब्दांतच ते उत्तर आहे. मूल जिथे आहे तिथे शाळेने चालत जायचे. भट्टीवर शिक्षक पाठवणे खर्चाचे आहे, हंगामी वसतिगृहे चालवणे त्रासाचे आहे. पण वाडीतली शाळा बंद करून या मुलांना गाडीने नेण्याची योजना ही त्यांच्यासाठी शाळा नसण्यासारखीच आहे, कारण गाडी येते तेव्हा मूल भट्टीवर असते आणि परतते तेव्हा पटावरून त्याचे नाव गेलेले असते.

म्हणून पेण-रोह्यातल्या जुन्या विद्यार्थ्यांना एक विनंती. स्मरणिकेसाठी लेख लिहाल तेव्हा वाटेचा भाग सविस्तर लिहा: कुठून निघत होता, वाटेत कोण भेटत होते, कुठे थांबत होता, आणि कुणाला तुमच्याबरोबर त्या वाटेने येऊ दिले जात नव्हते, तेही. पण लेख लिहायला बसण्याआधी त्या शाळेत एकदा जाऊन या. या जूनमध्ये पहिलीच्या पटावर किती नावे आली आणि त्यांतली किती मुले पायी येतात, एवढे मुख्याध्यापकांना विचारा. आकडा एका हाताच्या बोटांवर मावत असेल, तर व्यवस्थापन समितीची पुढची सभा कधी आहे तेही तिथेच विचारून घ्या.